दर वर्षी एक मजला

पुनावळ्यात हायवेच्या अलीकडे जुन्या रो-हाउसची एक ओळ अजून शिल्लक आहे. तिन्ही बाजूंनी टॉवर उठलेत, चौथ्या बाजूला रेडी-मिक्स काँक्रीटचा प्लांट, आणि मधे ही घरं अंग चोरून उभी. ओळीतलं शेवटचं घर खोश्यांचं. पण खोसे म्हणून विचारलं तर कुणाला चटकन कळायचं नाही. 'ख्रिसमस ट्रीवाले' म्हटलं की डिलिव्हरीवाली पोरंसुद्धा बरोबर दारात यायची.

ज्योतीराम खोसे मूळचा भूमकडचा. चाकणला एका कंपनीत प्रेसशॉपला होता. देवघरात खंडोबाचा टाक आणि दारात ख्रिसमस ट्री, त्यामुळे गावाकडचा पाहुणा आला की चपला काढायच्या आधी विचारायचा, "काय राव, धर्म बदलला का काय?" ज्योतीराम नुसता हसायचा. मग पाहुण्याला चहा मिळायच्या आधी झाडाची सगळी हकिकत ऐकावी लागायची, आणि त्याची बायको विजयश्री स्वैपाकघरातून ओरडायची, "अहो, त्यांना बसू तरी द्या!"

हकिकत तशी एवढीच, की घर बांधलं त्या वर्षी सर्व्हिस रोडवरच्या नौशादच्या नर्सरीतून त्याने हे वीतभर रोप आणलं. या झाडाची गंमत अशी, की दर वर्षी शेंड्यातून एक सरळ दांडी वर जाते आणि तिच्या टोकाला फांद्यांचं नवं चक्र फुटतं. चारी दिशांना सारखं, छत्री उघडल्यासारखं. ज्योतीराम त्याला मजला म्हणायचा. "आपल्याला वरचा मजला काही जमला नाही," तो म्हणायचा, "पण हा गडी बघा, दर वर्षी एक मजला चढवतो. ना प्लॅन पास करायचा, ना नगरसेवकाला भेटायचं." झाड आता गच्चीच्या कठड्याच्या वर गेलं होतं.

आणि त्याचे लाड तरी किती! प्लांटची सिमेंटची धूळ पानांवर बसली की घट्ट होते, म्हणून दर रविवारी पाइपने आंघोळ. बुडाशी लाल माती आणि निंबोळी पेंड. पाणी घालायच्या आधी मातीत बोट खुपसून बघायचं, ओल लागली तर पाणी नाही. डिसेंबरात शेजारची पोरं लायटिंगची माळ घेऊन यायची, त्यांना हा माणूस फांदी कशी धरायची याचं अर्धा तास ट्रेनिंग द्यायचा. कात्री मात्र कुणाला लावू द्यायचा नाही. या झाडाची एक फांदी गेली की त्या जागी परत दुसरी येत नाही, हे त्याला नौशादने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दिग्विजय, त्यांचा एकुलता एक मुलगा, लहानपणी म्हणायचा, की बाबांचा लाडका मुलगा बाहेर उभा असतो.

तो ज्योतीराम गेल्या डिसेंबरात गेला. आजारी नव्हता, काही नव्हतं. पहिली शिफ्ट होती. विजयश्रीने चहा टाकला आणि रोजच्यासारखी हाक मारली, "अहो, उठा. बस जाईल." कंपनीची बस हायवेच्या पुलाखाली थांबायची आणि कुणासाठी थांबायची नाही, म्हणून लग्न झाल्यापासून पहिली शिफ्ट असली की तिच्या दिवसातलं पहिलं वाक्य हेच असायचं. तो उठला नाही. तिने पुन्हा हाक मारली. मग चहा उतू गेला, तेव्हा ती चिडून आत गेली, "अहो, उठा की, किती वेळा सांगायचं!" म्हणाली आणि तिने पांघरूण ओढलं.

त्यानंतर पुलाखालून बस गेली तिच्या वेळेला.

माणसं जमली, रडारड झाली, नेलं, आणलं. विजयश्री रडली नाही. आधी सगळ्यांना वाटलं धक्का बसलाय, रडेल. मग दोन दिवसांनी वाटलं, बाई खंबीर आहे. खरं म्हणजे ती खंबीर नव्हती आणि तिला धक्काही जाणवत नव्हता. तिला काहीच वाटत नव्हतं. आतून कुणीतरी मेन स्विच पाडून गेल्यासारखं झालं होतं. कुणी जेव म्हटलं की ती जेवायची, बस म्हटलं की बसायची.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आणली आणि थोरले दीर कोंडीराम भावजी अंगणात उभे राहिले. कोंडीरामांना गावात मान होता, आणि जिथे मान असतो तिथे ते एखादा निर्णय घेतल्याशिवाय परत जात नसत. ते म्हणाले, "नदीत सोडायची म्हणता, तर नदी उरली कुठं? इंद्रायणीला फेस, पवनेला फेस. आमच्याकडं आता राख खड्ड्यात घालतात आन् वर आंबा लावतात. माणूस झाडात राहतो."

आंबा लावायला तिथे जागा कुठे होती? पार्किंगच्या फरश्या सोडल्या तर माती होती ती त्या एका झाडाच्या बुडाशी.

"मग हेच की," कोंडीराम म्हणाले. "त्याचं आवडतं झाड. ह्याच्याहून चांगलं काय?"

सगळ्यांना ते एकदम पटलं. पटण्यासारखंच होतं. दिग्विजयच्या डोळ्यांत पाणी आलं. भावजींनी विजयश्रीला विचारलं, "चालंल न्हवं वहिनी?" आणि तिने मान हलवली. त्या दिवसांत ती प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती.

बुडाभोवती गोल चर खणला आणि पोतंभर राख त्यात ओतली. वर माती, मातीवर झेंडूची फुलं. कोंडीरामांनी हातात फावडं घेऊन फोटो काढून घेतला, तो संध्याकाळपर्यंत 'समस्त खोसे परिवार' ग्रुपवर गेला आणि खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. आदर्श उपक्रम, असं कुणीतरी लिहिलं.

दहाव्याला नौशाद भेटून गेला. पण तो घरात बसला, चार शब्द बोलला आणि गेला. अंगणात झेंडूची फुलं होती, ती त्याने पाहिली असतील, पण मयताच्या घरी फुलांबद्दल कोण विचारतं?

पाहुणे पांगले. दिग्विजय जवळच्या माण गावातल्या त्याच्या कंपनीत जाऊ लागला. विजयश्री पहिल्या शिफ्टच्या वेळेला उठायची, दोन कप चहा करायची आणि एक मोरीत ओतायची. मग बादली भरून झाडाला घालायची, रोज, मातीत बोट न खुपसता. ते पाणी होतं की आंघोळ होती की आणखी काय होतं, हे तिने ठरवलं नव्हतं. हात चालायचे. एकदा तव्याला बोट चिकटलं आणि जळका वास आल्यावर तिला कळलं, की ते आपलं बोट आहे.

शेजारच्या सुमनताई पुनावळ्याच्या जुन्या घरातल्या. टॉवर आले तरी दारात दोन म्हशी ठेवून होत्या. त्या भिंतीवरून दुधाचं पातेलं देताना रोज म्हणायच्या, "रडून घे गं माझी बाय. असं आत ठेवू न्हाई."

"येत नाही ताई."

"न्हाई कसं? माज्या ह्यांच्या टायमाला मी म्हशीच्या गळ्यात पडून रडली. म्हस दोन दिस दूध देईना."

विजयश्रीला यावर हसूही आलं नाही, आणि सुमनताईंना तेच जास्त लागलं.

फोटोकडे तिला बघवत नव्हतं. फोटोतला ज्योतीराम आधार कार्डावरचा होता, कुणी परका असल्यासारखा. झाडाकडे मात्र बघता यायचं. त्याचा हात लागलेलं तेवढंच काहीतरी अजून वाढत होतं, आणि आता तर तो स्वतः त्याच्या बुडाशी होता. 'ते कुठे आहेत' असं कुणी विचारलं असतं तर तिने बोट दाखवलं असतं. आत काही वाटत नसलं तरी एवढं तिला पक्कं ठाऊक होतं, की हे झाड राहायला पाहिजे. ते गेलं, तर मग बोट कुठे दाखवायचं?

होळीनंतर सगळ्यात खालच्या मजल्याचा रंग उतरला.

आधी ती म्हणाली, धूळ असेल. धुतलं. मग दिग्विजयने ऑनलाइन कसलीशी गोळ्यांची बरणी मागवली. सुमनताईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. विजयश्रीने एका बादलीच्या दोन केल्या. खालचा मजला पिवळा झाला, मग विटकरी, आणि एक फांदी तिने नुसता हात लावला तर खळकन गळून हातात आली. त्या फांदीकडे ती बराच वेळ बघत उभी राहिली. त्या जागी परत दुसरी येत नाही, एवढं आठवलं. पण दुःख झालं नाही, नुसतीच भीती वाटली, आणि कितीतरी दिवसांनी काहीतरी वाटलं म्हणून त्या भीतीची तिला ओळख पटेना.

"नौशादभाईंना बोलव," ती दिग्विजयला म्हणाली.

सर्व्हिस रोड रुंद झाला तेव्हा नौशादची नर्सरी माणकडे हलली होती. नंबर ज्योतीरामच्या फोनमध्ये होता. तो फोन चार्ज करून उघडायला दिग्विजयला दोन दिवस लागले, आणि त्याबद्दल आईने त्याला काही विचारलं नाही.

रविवारी सकाळी नौशाद आला. स्कूटर लावली आणि घरात न येता सरळ झाडापाशी गेला. त्याने आधी मान वर करून शेंडा पाहिला. मग खोडाची साल नखाने जराशी खरवडली, एकदा खाली, एकदा कमरेच्या उंचीवर. मग उकिडवा बसून मातीत बोट घातलं. बोट पेरभर जाऊन अडलं.

"भाभी, बुडाला काय घातलंय? सिमेंट पडलं का काय?"

"काही नाही, अंकल," दिग्विजय म्हणाला. "पाणी. आणि मधे ते दाणेदार खत..."

"ह्यांची राख घातली," विजयश्री म्हणाली.

नौशादने बोट बाहेर काढलं. बोट राखाडी झालं होतं. ते त्याने पँटला पुसलं नाही, तसंच वर धरून ठेवलं.

"सगळी?"

"सगळी."

त्याने बोटावरची राख चिमटीत चोळून पाहिली. आणि ती चिमूट बघताना विजयश्रीला ते आठवलं.

घर नवीन होतं तेव्हाची गोष्ट. तेव्हा अंगणात पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता. एका सकाळी तिने बंबाची राख सुपात घेतली आणि या रोपाच्या बुडाशी ओतली. माहेरी वांग्यांना राख घालायचे, वांगी टरारून यायची. ज्योतीराम तिसऱ्या शिफ्टहून आला, त्याने ते पाहिलं आणि डबासुद्धा खाली न ठेवता ओरडला, "काय करायलीस हे? ह्याला राख चालत नाही! मारतीस का त्याला?" आख्ख्या संसारात तो तिच्यावर ओरडला असेल तो तेवढाच. मग स्वतःच ओशाळून खाली बसला आणि चिमटीचिमटीने सगळी राख उचलली, आणि मऊ आवाजात म्हणाला, "वांग्याला चालती गं. ह्याला नाही चालत." पुढे कित्येक वर्षं तिने बंबापाशी सूप उचललं की तो घरातून चिडवायचा, "राखवाली बाई निघाली बरं का!"

म्हणजे तिला माहीत होतं. अंगणात जमलेल्या एवढ्या माणसांत तिला एकटीला माहीत होतं. आणि भावजींनी विचारलं तेव्हा तिने मान हलवली होती.

"राखेत खार असतो, भाभी," नौशाद हळू आवाजात सांगत होता. "मूठभर असती तर पावसाने गेली असती वाहून. एवढी सगळी एकाच जागी, आणि वरून रोज पाणी. तिचा थर बसला. मुळं पाणी ओढेनात. हे झाड लवकर सांगत नाही. मुळं गेली तरी वरून दोन-दोन महिने हिरवंच दिसतं. लोक म्हणतात, छान आहे."

"आता काय करायचं?" दिग्विजयने विचारलं.

"कमरेजवळ साल अजून ओली आहे. शेंडा उभा आहे. राख काढायची, खालची खराब माती काढायची, पाणी सोडून मुळं धुवायची, नवी लाल माती भरायची. वाचेल असं मी म्हणत नाही. पण शेंडा एकदा वाकला की मग मलाही बोलवू नका."

"काढायची म्हणजे?" दिग्विजयचा आवाज चिरकला. "बाबा आहेत ते, अंकल. बाबांना उकरून काढायचं?"

नौशादने विजयश्रीकडे पाहिलं. "ते मी कसं सांगू? ते तुम्हीच ठरवायचं."

दिग्विजयने काकांना फोन लावला. असल्या वेळी खोश्यांच्या घरात कोंडीरामांना विचारल्याशिवाय पान हलत नसे. स्पीकरवरून कोंडीरामांचा आवाज आख्ख्या ओळीत घुमला. "ह्ये बघ दिग्विजय, मातीत दिलेला माणूस परत काढत न्हाईत! त्याला तिथं शांती मिळाली. झाड गेलं तर जाऊ दे, दुसरं लावू. तुझ्या आईला फोन दे. वहिनी! वहिनी, ऐकायलाव का?"

भिंतीपलीकडे सुमनताई हातातली वैरण विसरून उभ्या होत्या.

विजयश्रीने फोन घेतला नाही. ती घराच्या मागे गेली. ज्योतीरामचं खुरपं जिथे टांगलेलं असायचं तिथेच होतं. मुठीला त्याने सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली होती. ते घेऊन ती आली, पदर खोचला आणि झाडाच्या बुडाशी बसली.

"आई, थांब ना, काका काय म्हणतायत..."

तिने वरची माती ओढली. सुकलेल्या झेंडूच्या पाकळ्या निघाल्या, मग दिग्विजयच्या खताच्या न विरघळलेल्या गोळ्या. त्याखाली खुरपं खणकन वाजलं. रोजच्या पाण्याने राखेची वडी जमली होती, राखाडी, कडक, झाडाभोवती गोल. तिने खुरपं कडेला घालून उचकटून पाहिलं. वडी हलली नाही. दुसऱ्या बाजूने घातलं, तरी हलली नाही. नौशाद पुढे झाला, तिने मानेनेच नको म्हटलं. खुरपं बाजूला टाकलं, दोन्ही हातांची बोटं वडीच्या कडेखाली घातली आणि पांघरूण ओढावं तशी ती सगळ्या जोराने ओढली.

"अहो, उठा," ती म्हणाली.

डिसेंबरापासून तिने 'अहो' हा शब्द तोंडातून काढला नव्हता. तिने काढला नव्हता हे तिलाही आत्ताच कळलं.

"उठा की! किती वेळा सांगायचं? तुमचं झाड मरायलंय आन् तुम्ही झोपलाव काय!" ती ओढत होती, नखात राख जात होती आणि आवाज तिचा तिला आवरत नव्हता. "तुम्हीच सांगितलं होतं ना? मला ओरडला होता ना? मग त्या दिवशी का नाही ओरडलात? मी विसरले, तुम्ही तरी ओरडायचं! मी एकटीनं काय काय ध्यानात ठेवायचं, अहो... उठा ना... बस जाईल..."

वडी मधोमध तडकली आणि तिचा मोठा तुकडा तिच्या मांडीवर आला. तो दोन्ही हातांनी धरून ती रडायला लागली. मोठ्याने, तोंड उघडं टाकून. पलीकडे सुमनताईंनी पदर तोंडाला लावला. नौशाद पाठ फिरवून पाइप नळाला लावायला गेला आणि बराच वेळ लावतच राहिला.

दिग्विजयने फोन बंद केला. मग तो आईशेजारी मातीत बसला, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि उरलेल्या राखेत हात घातला. सगळी राख निघेपर्यंत दुपार झाली. ती त्यांनी बंबाच्या जुन्या तांब्याच्या भांड्यात भरून ओट्यावर सावलीत ठेवली, आणि तिचं पुढे काय करायचं हे त्या दिवशी कुणी कुणाला विचारलं नाही.

नौशादने मुळांवर पाणी सोडलं. आधी राखाडी पाणी वाहिलं, मग गढूळ, मग कितीतरी वेळाने स्वच्छ. विजयश्री ओल्या हातांनी वर बघत होती. शेंडा अजून सरळ होता, पण त्यावरून काहीच कळत नाही, हे आता तिला माहीत होतं. लाल माती भरून झाल्यावर तिने सवयीने बादली उचलली. मग ती थांबली, बादली खाली ठेवली आणि मातीत बोट खुपसून ओल आहे का ते पाहिलं.